खोड आधी सांगायची म्हणजे किती आधी

अप्पा, खोड आधी सांगायची, भाव मागून, असं तुम्ही जन्मभर बजावत आलात आणि त्यापायी आज माझ्या घरात दोन दिवस झाले, बोलणं बंद आहे. पोरगी स्वतःची भाकरी वाढून घेते, खाते, ताट घासते, कॉलेजला जाते. तोंडातून शब्द नाय. तिचा बाप सकाळी रिक्षा घेऊन बाहेर पडतो, त्याला वाटतं टीव्ही बिघडलाय म्हणून घर शांत आहे. आणि मी भाजी चिरायची सोडून ओट्यापाशी पाटावर बसून तुम्हाला पत्र लिहितेय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, ठाऊक आहे मला. पण ज्यानं भांडण लावलं त्याच्याशीच भांडावं माणसानं. पोरीवर कशाला तोंड टाकायचं?

आधी काय झालं ते ऐका, कारण तुमच्या लेखी मी अजून गुलमंडीवरच्या साडीच्या दुकानातच असणार. नाय आता तिथं. दिवाळीचा सीझन उरकला आणि दुकान बंद झालं. शेठ थकले, त्यांची पोरं पुण्याला, जागा विकून टाकली. बावीस वर्षं त्या पांढऱ्या गादीवर बसून मी साड्या उलगडल्या आणि पुन्हा घड्या घातल्या, आणि एका दुपारी शटर खाली आलं. घरी बसून भागलं असतं तर बसले असते. पण पोरीचं शेवटचं वर्ष आहे, आणि रिक्षा आता ह्यांच्या पाठीला झेपत नाय. तर जालना रोडवर एक नवीन दुकान निघालंय, चार मजले, सगळं काचेचं, त्यातला एक अख्खा मजला नुसत्या लग्नाच्या साड्यांचा. विकायला बाया पाहिजेत अशी पाटी दारात. मला वाटलं, जावं, एक साडी उलगडून दाखवावी, पटलं तर ठेवतील. दारातच वॉचमननं अडवलं. "मावशी, सीव्ही मेल करा." मी म्हणलं, "काय करू?" "सीव्ही. मेल करा." "अरे, मी साड्या विकायला आलेय, तहसीलदार व्हायला नाय." तर तो म्हणतो, "मावशी, इथं झाडू मारायला पण सीव्ही लागतो. मी पण दिलाय."

सीव्ही म्हणजे काय ते तुम्हाला कळेल असं सांगते. जनावराच्या बाजारात सौदा झाला की पावती फाडतात ना, रंग काळा, शिंगं मागं वळलेली, कपाळावर पांढरा टिळा, तसली माणसाची पावती. फरक एवढाच की ही सौद्याच्या आधी द्यायची आणि ज्याची त्यानं लिहायची. आता तुम्हीच सांगा, शेळीला आपली पावती लिहायला सांगितली तर ती काय लिहिणार?

मी लिहिली. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, रेघेवर बसत नाय, पण दुपारभर बसून लिहिली. चौथी पास. इंग्रजी येत नाय. कॉम्प्युटर येत नाय. वय अठ्ठेचाळीस. जिना चढताना गुडघा दुखतो. राग लवकर येतो, पण गिऱ्हाईकावर काढत नाय. गुरुवारी उपास असतो. साड्यांच्या कामाचा बावीस वर्षांचा अनुभव आहे. एवढं लिहून पोरीच्या हातात दिलं, म्हणलं, टाईप कर आणि पाठव. तिनं वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग म्हणाली, "आई, हा सीव्ही आहे का पोलीस स्टेशनातला जबाब?"

"खोटं आहे का त्यात काही?"

"खोटं नाय म्हणून तर म्हणते! गुडघा कोण लिहितं सीव्हीत? आणि बावीस वर्षं सगळ्यात खाली? तेवढीच एक ओळ कामाची आहे आणि ती उपासाच्या खाली घातलीस."

"आधी खोड सांगायची, भाव मागून."

"तू काय शेळी आहेस का?"

वाक्य माझं नव्हतंच, तुमचं होतं, आणि तुम्ही ते शेळ्यांसाठीच केलेलं.

मग तिनं मोबाईलमध्ये एक तयार सीव्ही काढला. असे शेकड्यानं असतात म्हणे, फक्त नाव बदलायचं. वरच इंग्रजीत चार ओळी. मी म्हणलं, मराठीत सांग. "डायनॅमिक म्हणजे चपळ, रिझल्ट ओरिएंटेड म्हणजे काम तडीस नेणारी, आणि टीम प्लेअर म्हणजे सगळ्यांशी मिळून मिसळून वागणारी." मी म्हणलं, "चपळ? गुडघ्याचं काय करू? आणि मिळून मिसळून वागते असं तुझ्या आत्याला जाऊन सांग, हसून हसून मरेल." "आई, ते सगळ्यांच्याच सीव्हीत असतं." "सगळ्यांच्या असतं तर वाचतो कोण?" त्यावर ती नखं खात बसली. अप्पा, बाजारच्या दिवशी सगळेच जण शेळ्यांच्या शिंगांना तेल चोळून आणायचे, आठवतं ना? लांबून बघावं तर अख्खा बाजार चमकायचा आणि एक शेळी दुसरीपासून ओळखू यायची नाय. तुम्ही तेल लावायचा नाय. आई म्हणायची, कंजूष आहे. तुम्ही म्हणायचात, शिंग मोडकं असल तर तेलानं जास्तच दिसतं.

आणि शिंगाचं निघालं की मला पाचोडचा बाजारच आठवतो. मी दहा वर्षांची. तुमच्याबरोबर बाजाराला आलेय, नवीन परकर घातलाय, आणि आपल्याकडं विकायला ती काळी शेळी आहे, एक शिंग मोडलेली. दुधाला चांगली, पण दूध काढायला बसलं की लाथ मारून भांडं उडवायची, तिच्यापायी माझ्या नडगीवर दोन खुणा झाल्या त्या अजून आहेत. तुम्ही पलीकडं कोणाशी तरी बोलताय. एक म्हातारा चाचा येतो, दाढी मेंदीनं लाल. शेळीच्या पाठीवर हात फिरवतो, मला विचारतो, "क्या गे बेटी, कैसी है बकरी?" मी तुमचीच पोरगी. लगेच म्हणते, "आधीच सांगते, एक शिंग मोडलंय." चाचा खूश. "और कुछ?" मी शेळीकडं बघते. "नाय, और कुछ नाय." तुम्ही येता, खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकता, खाली बोटं धरायची सोडायची ते होतं, वरून दोघांची तोंडं दगडासारखी. सौदा ठरतो. चाचा शेळी घेऊन जातो. तुम्ही मला विचारता, "काय काय सांगितलं त्याला?" "शिंग." "आन् लाथ?"

तुम्ही माझं मनगट धरलं. सगळा बाजार ओलांडून मला चालवलं, मिरच्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, उसाचा गाडा, माझ्या नवीन परकराला कोणाच्या तरी चहाचा डाग. टेम्पोपाशी चाचा शेळीला वर चढवत होता. "चाचा, थांबा. ही पोरगी सांगायची काहीतरी इसरली." आणि मला पुढं केलंत. लोक बघताहेत. मी खाली मान घालून म्हणलं, "लाथ मारते." चाचा एवढा हसला की त्याला खोकला आला. "इत्तीच बात? मेरी सास भी मारती थी, बीस साल संभाला!" शेळी त्यानं नेलीच. पण तुम्ही पुन्हा उपरणं टाकलंत आणि आपणहून एक बोट सोडलंत, भाव उतरवला. परत येताना मला म्हणालात, "लहान खोड पुढं करून मोठी मागं दडवणं, ह्याला खोड सांगणं म्हणत नाय. ह्याला चलाखी म्हणतात. त्यापरीस तेल लावलेलं बरं." मी रडले नाय. मनातल्या मनात, मला जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या तुम्हाला दिल्या.

आणि त्याच दिवशी एसटीत तुम्ही उपरणं माझ्या हातावर टाकलंत आणि खाली बोटं धरून शिकवायला लागलात. हे धरलं की एवढे, हे दाबलं की तेवढे, पूर्ण पंजा म्हणजे इतके. शेजारचा माणूस म्हणाला, "पोरीला कशाला शिकवता? बाई कधी ह्यात हात घालती का?" तुम्ही म्हणालात, "घालायला मिळायचा नाय. पण कळू दे की." घर येईपर्यंत मी शिकले. तोंडाकडं बघायचं नाय, तोंड खोटं बोलतं, हाताकडं ध्यान द्यायचं. हे तेवढं एक तुम्ही मला चांगलं दिलंत. बाकीचा हिशोब पुढं आहे.

तर सीव्ही. पोरगी म्हणाली, "तयार माल राहू दे. तू मला सांग, तू दुकानात करायचीस काय?" "साड्या विकायचे." "ते सगळेच करतात. तू काय करायचीस जे शेजारची करत नव्हती?" मला राग आला. म्हणलं, काम करायचे, पिन टोचायचे, पदर काढून दाखवायचे, काय करणार? ती सोडेना. त्या दुकानाच्या जाहिरातीत लग्नाच्या साड्या लिहिलंय ना, मग लग्नाचं सांग. म्हणून मी तिला बस्त्याचं सांगितलं.

बस्ता बांधायला वैजापूरकडून टेम्पो भरून माणसं येतात. नवरीची आई, मावश्या, आत्या, चुलत्या, शिवाय एक मामा, जो गादीवर टेकायच्या आत म्हणतो, "पुण्यात ह्याच्या निम्म्यात मिळतं." नवरी कोपऱ्यात. वीसच्या वीस एकदम बोलतात. नवीन माणूस काय करतो, जी जास्त बोलते तिच्यापुढं साड्या टाकत बसतो. चूक. तिचं घरात कोणी ऐकत नाय म्हणूनच ती इथं बोलून घेते. मी हात बघत बसते. साडी पडली की हात कोण आखडतं, कोण कोणाच्या पाठीला हळूच बोट लावतं, आई हात लावायच्या आधी कोणाकडं बघते. ती खरी गिऱ्हाईक. एका बस्त्याला तर असं झालं, ऐंशी साड्या उलगडून झाल्या, कोणाचं काही ठरेना. नवरीची आई दर खेपेला साडीचं टोक हातात धरून दाराकडं बघायची. दारात चपलांपाशी एक म्हातारी बसलेली. आज्जी. डोळ्यांनी अधू, तिला कोणी गादीवर घेतलंच नव्हतं. मी पाच साड्या उचलल्या, दारात गेले, तिच्या पुढ्यात बसले आणि एकेकीचं टोक तिच्या हातात दिलं. रंग सांगितला नाय. तिनं अंगठ्यानं चोळून बघितलं आणि तिसरी मुठीत धरून ठेवली. "ही." बास. अर्ध्या तासात अख्खा बस्ता बांधला. त्या घराचे पुढचे चार बस्ते पण माझ्याच हातून झाले, ते दुकानात शिरताना शेठला रामराम करायच्या आधी मला करायचे.

मी हे सांगून भांडी घासायला उठले, तर पोरीनं माझा पदर धरला. "आई, हेच लिहायचं! हे!"

"हे काय लिहायचं असतं? हे तर काम आहे."

"कामच लिहायचं असतं. मी चांगली आहे, मी मेहनती आहे, असलं लिहायचं नाय, ते कोणी पण लिहितं. काय केलं ते लिहायचं. मग तू कशी आहेस ते वाचणाऱ्याला कळतं."

हे मला पटलं, अप्पा. पटलं म्हणून जास्तच चिडले, कारण हे मला माझ्या पोरीनं सांगावं लागलं. तिनं सगळ्यात वर बस्ता घातला, त्यांना बस्त्याचाच माणूस पाहिजे म्हणून. एका घराचे पाच बस्ते, आकडा घालून. आज्जीची गोष्ट दोन ओळीत. मग बावीस वर्षं एकाच दुकानात. मग भाषा, मराठी, हिंदी, दखनी, ज्याची जी असेल तीत बोलते. खाली शेठचा नंबर, त्यांना विचारून. पत्त्यात तिनं छत्रपती संभाजीनगर लिहिलं, तुमच्या वेळचं औरंगाबाद, त्यानं एक ओळ वाढली तर ती ओळ बसवायला तिनं माझा गुरुवारचा उपास काढून टाकला. गुडघा गेला, राग गेला. चौथी पास राहिलं, पण खाली, बारीक अक्षरात. एका पानाच्या वर जायचं नाय म्हणे. झाल्यावर तिनं वाचून दाखवला, अर्धा इंग्रजी, अर्धा मला कळेल असा. ऐकताना मला वाटलं, ही बाई कोण आहे? हिला तर मी पण कामावर ठेवली असती.

बुधवारी फोन आला. कोणी मॅनेजर, आवाजावरून पोरगाच वाटला. पोरीनं फोन मोठ्यानं लावला. "मॅडम, तुमचा तो आज्जीवाला पॉइंट आमच्या सरांना फार आवडला. सोमवारी अकराला इंटरव्ह्यूला या." मला मॅडम म्हणाला. मी उभ्या उभ्या पदर नीट केला, फोनवर काय दिसतंय? मग तो म्हणतो, "मॅडम, हेडसेटची सवय आहे का?" "कसली?" "कानात लावायचं छोटं मशीन. आपल्या फ्लोअरवर सगळ्यांना असतं. एका कानात गोडाऊनवाले बोलतात, कोणता माल आहे, कोणता संपला. दुसऱ्या कानानं कस्टमरचं ऐकायचं. सोपं आहे हो, दोन कान दिलेत देवानं!" आणि हसला. मी पण हसले. काय करणार? फोन ठेवला आणि पोरगी माझ्याकडं बघत राहिली.

आता कानावर येते, अप्पा. माझा डावा कान सहाव्या वर्षी फुटला. दोन पावसाळे वाहिला, मग वाहायचा थांबला आणि ऐकायचाही थांबला. हे तुम्हाला सांगायची गरज नाय. तुम्हीच तर जगाला सांगत फिरलात. मी अठरा वर्षांची, पाटावर बसलेय, डोक्यावर पदर. मला बघायला अकरा पाव्हणे आलेत. अजून पोह्याच्या बशा फिरल्या नाहीत, कोणी माझं नाव विचारलं नाय, आणि तुम्ही घसा खाकरलात. "पाव्हणं, आधी ऐकून घ्या. पोरगी चौथीच शिकली. तोंडाळ हाय. आन् डाव्या कानानं तिला काय सुदीक ऐकू येत नाय." आत आईनं भांडं आपटलं. मला वाटलं, जमीन फाटावी. नवरा मुलगा सतरंजीकडं बघत बसला. बोलली ती सासू. म्हणाली, "तोंडाळ चालल, आमच्या घरात कोणी बोलतच नाय. आन् कानाचं काय दादा, उजव्या अंगानं हाक मारू." त्या माउलीनं ते पाळलं. आजपण आमच्या घरात मला कोणी डावीकडून बोलत नाय. पोरगी चालायला लागली तेव्हापासून माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहते. पण कान हा शब्द घरात कोणी काढत नाय. मी काढू दिला नाय. त्या दिवशी पाटावर बसूनच मी ठरवलं होतं, हे वाक्य माझ्या तोंडातून कधी निघणार नाय. आणि नाय निघालं.

गुलमंडीच्या दुकानात लागले तेव्हापण नाय. गादीच्या अगदी डाव्या टोकाला, भिंतीला लागून बसायचे, म्हणजे डाव्या हाताला फक्त भिंत. लागून दोन महिने झाले असतील, तुम्ही हुरड्याची पिशवी घेऊन आलात. आठवतं? चपला बाहेर काढून गादीच्या काठावर अंग चोरून बसलात, तासभर माझं काम बघत. निघताना पायऱ्यांवर मला विचारलंत, "शेठला कानाचं सांगितलं का?" मी म्हणलं, "व्हय." तुम्ही म्हणालात, "बरं." मग म्हणालात, "घोटभर पाणी पिऊन येतो," आणि पुन्हा आत गेलात. मला गिऱ्हाईक आलं होतं, मी बघितलं नाय. सांगितलं नव्हतं, अप्पा. खोटं बोलले. पुढं तुम्ही गेलात, तेरावं झालं, सगळं झालं, आणि ते खोटं माझ्यापाशीच राहिलं.

असं मला वाटत होतं. दुकान बंद झालं त्या दुपारी शेठ म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांची आठवण येते. एकदा पाणी प्यायला आत आले होते. मला म्हणाले, ‘शेठजी, पोरीचा डावा कान गेलेला हाय, ती सांगायची इसरली असल.’ म्हणून तर भिंतीजवळची जागा तुमची. इतक्या बाया आल्या गेल्या, दुसऱ्या कोणाला बसू दिलं का मी तिथं?"

अप्पा, मला वाटायचं ती जागा मी भांडून मिळवली. बावीस वर्षं मी रोज मान वळवायचे, हसायचे, न ऐकलेलं ऐकल्यासारखं करायचे, रोज वाटायचं आजचा दिवस निभावला. आणि समोरच्या माणसाला सगळं माहीत होतं. एवढा संताप आला की शेठच्या पाया पडायचं विसरून मी तशीच घरी आले. माझ्या माघारी सांगायचा तुम्हाला काय अधिकार होता? मी काय त्या टेम्पोत चढवायची शेळी होते?

म्हणून बुधवारी, फोन ठेवल्यावर, पोरगी हळूच म्हणाली, "आई, मी त्यांना फोन करून सांगू का कानाचं? नीट सांगते, इंग्लिशमध्ये," तेव्हा मी हातातलं उलथणं ओट्यावर आपटलं. "माझी खोड मी सोडून सगळ्यांनी सांगायची का? आधी तुझा आज्जा, आता तू!"

"मग तू सांग."

"सांगीन."

"सांग ना. आत्ता मला सांग. एकदा म्हणून दाखव."

मी तोंड उघडलं. अख्ख्या गल्लीत माझ्या तोंडाला सगळे भितात, भाजीवाला माझ्याशी घासाघीस करत नाय. आणि मला चार शब्द निघेनात. पोरगी बघत होती. माझ्या उजव्या हाताला उभी होती, नेहमीसारखी. मग ती आत गेली आणि तेव्हापासून बोलली नाय.

आता दोन दिवस विचार करून माझं डोकं उठलंय. मी पहिला सीव्ही लिहिला त्यात काय काय सांगितलं? गुडघा सांगितला. राग सांगितला. उपाससुद्धा सांगितला. सगळी शिंगं सांगितली, अप्पा, लाथ नाय सांगितली. दहा वर्षांची होते तेव्हा जे केलं तेच अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आणि त्यांच्या सरांना जो पॉइंट आवडला ना, तो कशानं जमतो ते फक्त मला ठाऊक आहे. वीस माणसं एकदम बोलतात तेव्हा मला काही ऐकूच येत नाय, नुसता गोंगाट, ढोल वाजल्यासारखा. म्हणून मी हात बघत बसते. दुसरं करू तरी काय शकते? आता त्या सायबाला सांगायचं का, की तुम्हाला जे आवडलं ते आणि जे चालणार नाय ते एकच आहे म्हणून? त्यांनी एक चांगला कान मशीनला मागितला आणि एक गिऱ्हाईकाला. माझ्यापाशी एकच आहे.

तेव्हा मला सरळ सांगा. खोड आधी सांगायची म्हणजे किती आधी? दारात, वॉचमनला? खुर्चीत बसल्या बसल्या? का पाणी दिल्यावर? सीव्ही त्यांनी वाचून झालाय, मग आधी कसलं राहिलं? आणि सांगितल्यावर माणूस हसला नाय, त्या चाचासारखा, नुसता बरं म्हणाला आणि पुढचीला बोलावलं, तर मग मी काय करायचं? हे तुम्ही कधी शिकवलं नाय. तुमच्या शेळ्या दर वेळी विकल्याच गेल्या.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाय, पत्ता काय टाकणार, पोरीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांत राहील. एक खरं सांगते, कोणाला बोलू नका. काल मोरीत नळ सोडून मी ते वाक्य म्हणून बघितलं. डाव्या कानानं मला, एवढं निघालं. पुढचं नाय निघालं. सोमवारी अकराला जायचंय आणि ह्या खेपेला तुम्ही पाणी प्यायला आत जाणार नाय. रविवारी दिवस मावळायच्या आत उत्तर पाहिजे. कसं द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी इथंच बसते, पाचोडकडं उजवा कान करून.